रीडिंग बसवणारे यंत्र

२००१ साली अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा इंजिन-संगणक हौशी मंडळींपुढे ठेवला. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळे. रोधक, धारित्रे आणि मायक्रोकंट्रोलर घेणाऱ्याने स्वतः सोल्डर करून बसवायचे. जुन्या गाडीला टर्बो जोडू पाहणाऱ्यांनी तो चटकन उचलला. मूळचा संगणक टर्बो नसलेल्या इंजिनासाठी बनवलेला असतो. जास्तीच्या हवेला किती पेट्रोल द्यायचे हे त्याला ठाऊक नसते. १९८९ साली आलेल्या माझदा मियाटा या छोट्या मोटारीवर असे प्रयोग पुष्कळ झाले.

या साधनाचे यांत्रिक गुणदोष अभियंत्यांनी पाहावेत. आम्ही त्याच्याकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहतो. नवशिक्याला ते काय शिकवते आणि काय शिकवायचे टाळते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी समीकरण

मेगास्क्वर्टच्या पुस्तिकेचा मोठा गुण असा की ती समीकरण लपवत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, याचे तिचे सूत्र मुळात असे आहे: आवश्यक इंधन, सिलिंडर भरण्याचा टक्का, हवेचा केवल दाब आणि तापमान वगैरेंसाठीचे दुरुस्ती-गुणक यांचा गुणाकार करा, वेग एकदम वाढवताना लागणारी भर आणि इंजेक्टरची झडप उघडायला लागणारा वेळ त्यात मिळवा. भरण्याचा टक्का म्हणजे सिलिंडरच्या आकारमानात मावेल त्या मानाने प्रत्यक्षात किती हवा आत शिरली ते प्रमाण. आपण त्याला 'भरण-टक्का' म्हणू.

हे सूत्र म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला वायूंचा नियमच आहे. दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर ५०० घनसेंटिमीटरचा. २७ अंश सेल्सिअस तापमान व १०० किलोपास्कल दाब असताना तो पूर्ण भरला, तर त्यात सुमारे ०.५८ ग्रॅम हवा मावते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते. म्हणजे एका खेपेला पेट्रोल लागेल अवघे ४० मिलिग्रॅम.

आता टर्बो जोडा आणि दाब १७० किलोपास्कल करा. विद्यार्थी लगेच म्हणतील, हवा १.७ पट झाली. तसे होत नाही, कारण दाबताना हवा तापते. बाहेरची हवा ३० अंशांवर असेल आणि दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १०१ अंशांवर जाते. केवल तापमानात हे ३०३ वरून ३७४ होते. म्हणून हवा वाढते १.७ × ३०३ ÷ ३७४, म्हणजे १.३८ पटच. वाटेत इंटरकूलर ठेवून तीच हवा ५० अंशांवर आणली, तर आकडा १.५९ वर जातो. इंटरकूलर कशासाठी, याचे उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे.

दुसरा गुण म्हणजे या संचाबरोबर मिळणारी 'स्टिम्युलेटर' ही छोटी पट्टी. तिच्यावरची बटणे फिरवली की संगणकाला वाटते, इंजिन चालू आहे, दाब वाढतो आहे, पाणी तापते आहे. ही सारी खटपट टेबलावर, पेट्रोलचा थेंबही न जाळता करता येते. एक बटण फिरवा, बाकीची स्थिर ठेवा आणि इंजेक्टरचा काळ कसा बदलतो ते पाहा. एका वेळी एकच राशी बदलावी, हे आपण वर्गात शंभर वेळा सांगतो. इथे ते हाताला कळते.

मग तक्ता

भरण-टक्का इंजिनाच्या वेगाप्रमाणे व दाबाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याचा तक्ता करावा लागतो. पहिल्या मेगास्क्वर्टमध्ये तो ८ × ८, म्हणजे ६४ चौकटींचा होता. पुढच्या आवृत्त्यांत १६ × १६, म्हणजे २५६ चौकटींचा झाला. या चौकटी भरणे म्हणजेच नवशिक्याचे 'ट्यूनिंग'. आमची तक्रार इथून सुरू होते.

या संगणकासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ट्यूनरस्टुडिओ' या आज्ञावलीत तक्ता आपोआप सुधारण्याची सोय आहे. धुराड्यातला ऑक्सिजन-संवेदक मिश्रण पातळ की घट्ट ते सांगतो आणि आज्ञावली त्याप्रमाणे त्या चौकटीतला आकडा बदलते. नवशिक्याने दुसऱ्याचा तक्ता उतरवून घ्यायचा, गाडी फिरवून आणायची आणि आकडे जुळले की काम झाले असे समजायचे.

शाळेच्या प्रयोगशाळेत याला आपण 'रीडिंग बसवणे' म्हणतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९४० आले, की विद्यार्थी कालावधीचे आकडे मागे जाऊन बदलतो आणि ९७८ आणून देतो. उत्तर बरोबर येते, पण लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापासून मोजायची होती, ही चूक तशीच झाकलेली राहते. भरण-टक्क्याचा तक्ताही असाच सगळ्या चुका पोटात घेतो.

एक उदाहरण घेऊ. हवेच्या तापमानाचा संवेदक इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला हवा. समजा, नवशिक्याने तो टर्बोच्या आधी बसवला. तो कायम बाहेरचे ३० अंशच सांगणार. गाडी लागोपाठ जोरात पळवून इंटरकूलर तापला आणि आत जाणारी हवा ८० अंशांवर गेली असताना तक्ता जुळवला. लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा व पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांचे गुणोत्तर, ०.८२ वर छान स्थिरावले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच धावेत इंटरकूलर थंड आहे आणि आतली हवा ५० अंशांवर आहे. तिची घनता ३५३ ÷ ३२३, म्हणजे ९ टक्क्यांनी वाढली, पण संवेदकाला पत्ता नाही. पेट्रोल तेवढेच राहिले आणि लॅम्डा ०.९० वर गेला. टर्बोचा पूर्ण दाब असताना मिश्रण एवढे पातळ होणे दट्ट्याच्या जिवावर बेतू शकते. तक्ता 'बरोबर' होता, पण तो फक्त कालच्यापुरता.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. संवेदक ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. मिश्रण फार घट्ट झाल्याने ठिणगी पडूनही एखादी खेप पेटली नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. संवेदक म्हणतो, मिश्रण पातळ आहे. आज्ञावली आणखी पेट्रोल घालते आणि आणखी खेपा चुकतात. आज्ञावलीत अशा गोंधळावर काही गाळण्या ठेवलेल्या आहेत, वायू संवेदकापर्यंत पोहोचायला लागणारा विलंबही धरता येतो, हे मान्य करायला हवे. पण गाळणी कुठे लावायची हे ज्याला कळते, त्याला शिकवण्याची गरज थोडी असते.

आणि ठिणगीच्या वेळेबाबत तर हा संवेदक मुकाच आहे. ठिणगी लवकर पडली तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने स्वतःहून पेटते आणि धक्का देते. हेच नॉकिंग. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगाला भुजादंड एक अंश फिरायला सेकंदाचे फक्त २८ दशलक्षांश लागतात. तो एक अंश लॅम्डाच्या काट्यावर दिसत नाही. साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी आपल्या टर्बो गाड्यांना नॉकिंग 'ऐकणारा' संवेदक देऊन त्यानुसार टर्बोचा दाब उतरवण्याची सोय केली, ती यासाठीच. पहिला मेगास्क्वर्ट फक्त इंधन सांभाळत असे, ठिणगीला हात लावत नसे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मर्यादा आम्हाला गुणच वाटते.

कोणाचे १४.७?

पुस्तिकांतला आणखी एक दोष आपल्याकडच्या वाचकाला विशेष जाणवेल. १४.७ हा आकडा त्यात नियमासारखा येतो. पण तो निव्वळ पेट्रोलचा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १३.५ पटच हवा लागते. संवेदक मुळात लॅम्डा मोजतो आणि काटा त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. अशा पेट्रोलवर काट्याने १४.७ दाखवले, तरी खरे प्रमाण १३.५ असते. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून लॅम्डाच शिकवला असता तर हा घोळ झाला नसता.

आमचे मत

मेगास्क्वर्टच्या लेखकांनी समीकरण उघडे ठेवले आणि टेबलावरचा प्रयोग दिला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण शिकण्याचा क्रम आज उलटा झाला आहे. तक्ता आधी येतो, समीकरण मागाहून, आणि बहुतेकांच्या बाबतीत येतच नाही. आपोआप जुळवणे ही सोय वाईट नाही. ती उजळणी म्हणून वापरावी, धडा म्हणून नव्हे. कसोटी सोपी आहे. पुढच्या चौकटीत काय आकडा यावा हे शिकणाऱ्याने गाडी तिथे नेण्याआधी लिहून ठेवावे आणि मग मोजावे. दोन्हींत अंतर पडले, तर चौकट बदलण्याआधी कारण शोधावे.

या प्रयोगासाठी गाडी लागतेच असे नाही. आपल्याकडे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यावर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचे बंधन आहे, आणि विद्यार्थ्यांना रस्त्यावर प्रयोग करायला कोणी सांगू नये. वरची हवेची दोन गणिते मात्र नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येतील. ती झाल्यावर प्रयोगवह्या काढून विचारावे, आपण यातली किती रीडिंगे घेतली आणि किती बसवली?