उमरठची घोरपड आणि हाँगकाँगचे भूत

द्वंद्वयुद्ध, भूतबाधा आणि हास्य या तिन्हींना एकाच कथासूत्रात गोवणारा चित्रपट म्हटला की आपल्या विद्यापीठीय समीक्षेच्या कपाळाला आठी पडते. हा प्रकार निव्वळ करमणुकीचा, सबब विचारास अपात्र, असा तिचा समज दिसतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. आणि या अमान्यतेचे कारण हाँगकाँगमध्ये नसून पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे आहे.

उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० साली सिंहगड घेताना ते पडले, त्यांची समाधी येथे आहे. या प्रसंगावरील शाहीर तुळशीदासाचा पोवाडा आपण वीररसाचा नमुना म्हणून अभ्यासतो. परंतु त्यातील घोरपडीचा प्रसंग नीट ऐकावा. दोर घेऊन कड्यावर चढलेली घोरपड अर्ध्यातून माघारी फिरते. हा अपशकुन आहे. तिला पुढील मृत्यू दिसला आहे. शेलारमामा परत फिरण्याचा सल्ला देतात. आणि तानाजी काय करतो? तिला कापून खाण्याची धमकी देतो! श्रोता येथे हसतो, आणि हसता हसताच त्याच्या अंगावर काटा येतो, कारण अपशकुन खोटा नाही हे त्याला ठाऊक असते. पराक्रम, अद्भुत आणि हास्य ही येथे एकाच कृतीत आहेत. ती निरनिराळी काढून दाखविता येत नाहीत.

भरताने वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली, हास्याची मात्र शृंगारापासून. वीर आणि हास्य यांच्या सोयरिकीला शास्त्राने जागा ठेवली नाही. शाहिराने ती परभारे जुळविली. संशोधकांनी पुढे घोरपडीची कथा दंतकथा ठरविली, ते इतिहासदृष्ट्या योग्यच झाले. पण दंतकथेबरोबर ते हसूही गेले, याची खंत कोणी केल्याचे स्मरत नाही.

मराठी माणसांनी काढलेल्या चित्रपटांनी या वारशाची वाटणी केली असे म्हणावे लागते. बाबूराव पेंटरांच्या १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटापासून दिग्पाल लांजेकरांच्या २०२३ च्या ‘सुभेदार’पर्यंत पराक्रम हा गंभीर विषय राहिला. ओम राऊत यांच्या २०२० च्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात हास्य आहे, पण त्याचा मोठा वाटा उदेभानाच्या विकृत लहरींना मिळाला. म्हणजे हसण्याचा हक्क शत्रूकडे गेला. उलटपक्षी अद्भुत आणि हास्य महेश कोठारे यांच्याकडे आले. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचूचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाशी असलेले त्याचे नाते सर्वश्रुत आहे; तथापि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला यशवंत पाध्यांपासून चालत आलेल्या शब्दभ्रमकलेचे पाठबळ असल्याने तो येथलाच वाटतो. दोष अन्यत्र आहे. भीती बाहुल्याकडे, हसू लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे आणि मारामारी इन्स्पेक्टरकडे, अशी तेथे कामाची सक्त विभागणी आहे. जो हसवितो तो लढत नाही. जो लढतो त्याला हसे होण्याची मुभा नाही.

हाँगकाँगच्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ (१९८५) मध्ये ही विभागणी मोडलेली दिसते. दिग्दर्शक रिकी लाउ. निर्माता सॅमो हुंग. लाम चिंग-यिंगने उभा केलेला ताओपंथी मांत्रिक आणि त्याचे दोन धांदरट शिष्य हे उड्या मारीत चालणाऱ्या प्रेतांशी झुंजतात. प्रेताच्या कपाळी मंतरलेला पिवळा कागद चिकटवावा, ते जवळ येताच श्वास रोखावा, आणि त्याचे विष चिकट तांदळाने उतरवावे, असे नियम आहेत. तांदूळ आणावयास धाडलेल्या शिष्याला लबाड दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. भाताच्या मुलखात वाढलेल्या महाड-पोलादपूरच्या वाचकाला या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. उताऱ्याच्या तांदळात भेसळ! एका वाण्याच्या हलकटपणावर मनुष्याचा जीव टांगला जातो, आणि आपण हसतो. घोरपडीच्या धमकीचीच ही जात आहे.

हे साधते कसे? सॅमो हुंग आणि लाम चिंग-यिंग हे दोघेही पेकिंग ऑपेराच्या शिक्षणात वाढलेले. त्या शिक्षणात कोलांटी, तलवार, गायन आणि विदूषकी ही एकाच देहाला शिकविली जातात. आपल्याकडे दांडपट्टा मर्दानी खेळाच्या आखाड्यात राहिला आणि सोंगाड्या तमाशाच्या फडात. चित्रपटाला दोन्ही मिळाले, परंतु दोन निरनिराळ्या नटांच्या रूपाने. तशी देहाची विद्या येथे नाही असेही नव्हे. महाडला विरेश्वराच्या छबिन्यात उंच सासनकाठी नाचविणाऱ्याकडे पाहावे. तोल जातोसा वाटतो, गर्दी ओरडते, हसते, आणि त्याच क्षणी हात जोडते.

या दृष्टीने पोवाड्यातील शेलारमामांचा विचार व्हावयास हवा. ऐंशी वर्षांचा म्हातारा, भाच्याला परत फिरण्याचा सल्ला देणारा, आणि भाचा पडल्यावर स्वतः उदेभानाला भिडणारा. हाँगकाँगच्या पटात ही भूमिका गुरूची असती: कुरकुरणारा, चेष्टेचा विषय होणारा, आणि अखेरीस सर्वांत अचूक वार करणारा. १९२३ च्या मूकपटात ती व्ही. शांताराम यांनी केली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस-बावीस होते. तरुण देहाने म्हातारपणाचे सोंग घ्यावे आणि त्याच सोंगात तलवार चालवावी, ही संधी मराठी पडद्याला अगदी आरंभीच मिळाली होती. पुढच्या शेलारमामांना केवळ पांढऱ्या मिशा मिळाल्या.