श्रीलंकेतील पक्षिनिरीक्षण आणि क्षेत्र-मार्गदर्शकाची निवड : एक चिकित्सा

कोयनेच्या अरण्यात किंवा मायणीच्या तलावावर पक्षी ओळखावयास शिकलेला निरीक्षक प्रथमच श्रीलंकेस जावयास निघतो, तेव्हा जवळचे पुस्तक तेथे पुरेल काय, हा प्रश्न उपस्थित होतो. सकृद्दर्शनी ते पुरावे. ग्रिमेट व दोघे इन्स्किप यांच्या भारतीय उपखंडावरील ग्रंथात (१९९८) श्रीलंकेचा अंतर्भाव आहे. तथापि त्यातील सुमारे १३०० जातींपैकी बहुसंख्य त्या बेटावर आढळतच नाहीत. सिंहराजाच्या भर पावसात हिमालयातील पक्ष्यांची चित्रे उलटत बसावे लागते, आणि तोवर समोरचा पक्षी उडून गेलेला असतो. क्षेत्र-मार्गदर्शकाचे मूल्य त्याने काय वगळले आहे यावरही ठरते. ग्रंथपरीक्षणांत मात्र जातींची संख्या हाच गुण मानण्याचा प्रघात दिसतो.

या दृष्टीने केवळ श्रीलंकेपुरते लिहिलेले हॅरिसन यांचे पुस्तक (१९९९, चित्रे वरफोक यांची) अधिक उपयुक्त ठरते. याचे उदाहरण म्हणून धनेश घेता येईल. कोयनेचा मलबारी राखी धनेश आणि श्रीलंकेचा राखी धनेश, दोघांच्याही चोचीवर शिंग नाही. परिचयाच्या बळावर निरीक्षक दुसऱ्याला पहिलाच समजण्याचा संभव असतो. श्रीलंकेतील पक्ष्याचा गळा व पोट पांढुरके असते, आणि मादीची चोच बव्हंशी काळी असते. परक्या भूमीवर अगदी अनोळखी पक्ष्यापेक्षा असा ओळखीचा भासणारा पक्षीच अधिक फसवतो. बेटापुरत्या पुस्तकात मलबारी धनेशाचे चित्रच नसल्याने हा घोटाळा टळतो.

परंतु प्रकाशनवर्ष पाहिल्याविना निवड करू नये. सेरेंडिब घुबड २००१ मध्ये प्रत्यक्ष दिसले आणि २००४ मध्ये नवी जाती म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. ग्रंथालयातील प्रत १९९९ ची असल्यास तीत ते असणे शक्य नाही. रासमुसेन व अँडरटन यांचा द्विखंडात्मक ग्रंथ (२००५) जातिविभाजनाबाबत अधिक आग्रही आहे. त्याचा दुसरा खंड प्रवासापूर्वी टेबलावर वाचावा. खांद्यावरच्या पिशवीत त्याचे ओझे नको. हेन्री यांचे १९५५ चे पुस्तक नावांच्या बाबतीत जुने झाले आहे, पण पक्ष्यांच्या सवयींचे त्यातील निरीक्षण आजही वाचनीय आहे.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'मुळे आपल्याकडील पक्ष्यांची मराठी नावे हाताशी आली. सिंहराजातील पक्ष्यांना मात्र रूढ मराठी नावे नाहीत. इंग्रजी नावेही स्थिर नाहीत, एकाच पक्ष्यामागे कोठे 'सिलोन' तर कोठे 'श्रीलंका' लागते. वरील दोन्ही धनेशांना जोडणारे 'ऑसिसेरॉस' हे प्रजातिनाम तेवढे दोहोंकडे चालते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयाने खरेदीपूर्वी चित्रांच्या छपाईइतकीच शास्त्रीय नावांची सूचीही तपासावी.