विकलेली जमीन आणि घेतलेली जमीन : ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाची ऐतिहासिक चिकित्सा

प्रवीण तरडे दिग्दर्शित ‘मुळशी पॅटर्न’ हा मराठी चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. पुणे शहरालगतच्या मुळशी तालुक्यातील जमिनींची विक्री, त्यातून उद्ध्वस्त झालेली शेतकरी कुटुंबे आणि त्यांच्या तरुण मुलांचा गुन्हेगारीत झालेला प्रवेश हा त्याचा विषय. प्रेक्षकांनी त्याला एका तालुक्याची सत्यकथा म्हणूनच स्वीकारले. प्रस्तुत लेखात या सत्यकथेचे मोल व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. चित्रपटाने सांगितलेले खोटे आहे, असा येथे आक्षेप नाही. ज्या भूमीच्या नावाने ही कथा सांगितली गेली, त्या भूमीवर जमीन गमावण्याचा एक प्रदीर्घ व विलक्षण इतिहास शतकभरापूर्वीच घडून गेला होता. त्याचे विस्मरण कथेच्या अर्थावर कोणता परिणाम करते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शीर्षकाकडे पाहू. ‘पॅटर्न’ हा शब्द मराठी सार्वजनिक व्यवहारात रुळला तो ‘लातूर पॅटर्न’मुळे. परीक्षेतील यश ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा मिळवता येते, असा त्याचा आशय होता. तरडे यांनी हाच शब्द उलटा वापरला. येथे पुन्हा पुन्हा घडते ते अपयश : जमीन जाते, पैसा येतो, तो उधळला जातो, बाप परका होतो आणि मुलगा हत्यार उचलतो. शीर्षकातला उपरोध चांगला साधला आहे. (प्रदर्शनानंतर हेच नाव धाकदपटशाच्या भाषेत मिरवले जाऊ लागले. उपरोध पडद्याबाहेर टिकत नाही, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.)

चित्रपटाचे सामर्थ्य नायकाच्या हाणामारीत नसून त्याच्या बापाच्या व्यक्तिरेखेत आहे. मोहन जोशी यांनी साकारलेला सखाराम पाटील हा गावचा मानकरी. तो विकलेल्याच जमिनीवर पहारेकरी होतो आणि पुढे शहरात हमालीच्या पातळीवर येतो. मराठी चित्रपटांत शेतकऱ्याचे दुःख बहुधा दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या या चौकटीत आलेले आहे. भरपूर पाऊस पडणाऱ्या, शहराला खेटून असलेल्या मावळ भागातील शेतकऱ्याचे दुःख निराळे आहे. त्याच्या जमिनीला भाव नाही असे नव्हे. भाव आहे म्हणूनच तो संकटात आहे. हिंजवडीतील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, त्याभोवतीची माण-मारुंजीची वाढ, दासवे परिसरातील लवासा यांनी या तालुक्याचे रूप एका पिढीत पालटले. हे स्थित्यंतर शेतकऱ्याच्या बाजूने पाहणारे चित्रपट मराठीत फारसे नाहीत. उपेंद्र लिमये यांचा पोलीस अधिकारीही शेतकऱ्याचाच मुलगा दाखवला आहे. त्यामुळे गुन्हेगार व कायदा एकाच मातीतून उगवल्याचे जाणवते. तरडे मूळचे मुळशी तालुक्यातील असल्याने बोलीचा कस आणि गावगाड्याचे बारकावे अस्सल उतरले आहेत.

तथापि, कथेचा सांधा ‘विक्री’ या क्रियेवर उभा आहे, हे लक्षात घ्यावे लागते. सखाराम जमीन विकतो. त्याच्यावर दडपण आहे, मोह आहे, दलालांचे जाळे आहे. तरीही अखेर सही त्याची आहे. म्हणून ऱ्हासाचे मूळ त्याच्या अविचारात शोधले जाते आणि चित्रपटाचा उपदेश ‘जमीन विकू नका’ एवढ्यावर येऊन थांबतो. मुळशीचा आधीचा इतिहास या सूत्रात बसत नाही. तेथे शेतकऱ्याने जमीन विकली नव्हती.

टाटा उद्योगसमूहाच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचे केंद्र १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तिसरी योजना मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधण्याची होती. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे पाणी अडवायचे, बोगद्यावाटे घाटमाथ्यावरून कोकणात भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे आणि त्या उंचीच्या बळावर मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी ही रचना. वीज झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे खोऱ्यातील जमीन बुडाली आणि पूर्वेकडे वाहणारे पाणीही पश्चिमेला गेले. त्या काळी मुळशी पेटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील भातखाचरे व पन्नासच्या आसपास गावे धरणाच्या छायेत आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने खासगी कंपनीसाठी जमीन मिळवून दिली. विरोधात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडले आणि काम थांबवले. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

या आंदोलनाचे वैचित्र्य असे की, ते परकीय भांडवलाविरुद्ध नव्हते. ज्या उद्योगाचा स्वदेशी म्हणून अभिमान बाळगला जात होता, त्याच्याच विरोधात शेतकरी उभा होता. साहजिकच राष्ट्रीय चळवळीत मतभेद झाले. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’तून टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलण्याचे आवाहन केले, पण लढ्याची धुरा पुण्यातील कार्यकर्त्यांकडेच राहिली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट ही त्यांतील ठळक नावे. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. येरवडा तुरुंगात मुळशीच्या सत्याग्रही कैद्यांना नेमून दिलेले काम पुरे न केल्याबद्दल फटके मारण्यात आले. त्याच तुरुंगात असलेल्या गांधींना त्यात लक्ष घालावे लागले.

आंदोलन का मोडले, याचे उत्तर चित्रपटाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनीवर पुण्यातील सावकारांचा ताबा होता. कसणारे मावळे पुष्कळदा केवळ कुळे होती. मोबदल्याची रक्कम वाढताच सावकारांचे हित कंपनीशी जुळले आणि लढ्याला फाटा फुटला. पैसा एकाच्या हाती गेला, विस्थापन दुसऱ्याच्या वाट्याला आले. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये मालक आणि कसणारा एकच आहे. ज्याने विकले त्यानेच भोगले, अशी नैतिक तोलाची रचना करणे त्यामुळे सोपे जाते. सातबाऱ्यावर नाव नसलेले कूळ, शेतमजूर, कातकरी, तसेच सहीच्या वेळी ज्यांना कोणी विचारले नाही त्या घरातील स्त्रिया या रचनेत जवळपास दिसत नाहीत. जमीन त्यांचीही गेली, पण पैसा हाती न आल्याने तो उधळण्याचा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. चित्रपटाच्या कार्यकारणभावाची ही सर्वांत कमकुवत बाजू होय.

हिंसेच्या चित्रणातही हीच उणीव आढळते. सत्याग्रह विझत आल्यावर १९२४ साली बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवून सशस्त्र हल्ला केला. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या मिळवलेला, पुढे सत्याग्रही झालेला हा मनुष्य पुन्हा शस्त्राकडे वळला; मात्र त्याने कृत्य लपवले नाही आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना मुळशीनेच दिली. त्यांच्या कृतीचे समर्थन करावे की नाही, हा वेगळा वाद आहे. परंतु जमीन गमावल्यावर मुळशीत हिंसा घडली, तेव्हा तिचे लक्ष्य जमीन घेणारी व्यवस्था होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. ओम भूतकर यांचा राहुल मात्र टोळीयुद्धात आपल्यासारख्याच मुलांवर हत्यार चालवतो. जमिनीचा व्यवहार घडवणारे बाजूला राहतात आणि मरणारे-मारणारे दोघेही शेतकऱ्यांचीच मुले ठरतात. दिग्दर्शकाला हे जाणवले आहे, असे काही प्रसंगांतून दिसते. पण ‘आरारारा खतरनाक’ सारख्या गाण्याच्या जोशात ते वाहून जाते. गुन्हेगाराची शोकांतिका रंगवताना त्याचे वैभव इतके देखणे करू नये, एवढा संयम या चित्रपटाला पाळता आलेला नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरात या चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘अंतिम’ महेश मांजरेकर यांच्या दिग्दर्शनाखाली आली. तिच्या नावातून मुळशी गेली, आणि सलमान खान यांच्यामुळे पोलीस अधिकारी कथेच्या केंद्रस्थानी आला. जमिनीचा प्रश्न नायक-खलनायकांच्या झुंजीला पार्श्वभूमी म्हणून उरला. मराठी चित्रपटाने इतिहास सोडला होता; हिंदीने भूगोलही सोडला.

इतके असूनही ‘मुळशी पॅटर्न’ने विचारलेला एक प्रश्न मोलाचा आहे : जमिनीचे पैसे गेले कुठे? चित्रपट त्याचे उत्तर लग्नसमारंभ, गाड्या आणि गुंठेवारीच्या दलालीत शोधतो. १९२० च्या दशकात तोच प्रश्न विचारला असता उत्तर सावकाराच्या वहीत सापडले असते. हिंजवडी व लवासा यांच्याबाबत तो विचारताना खरेदीखते, कुळांच्या नोंदी आणि निवाड्यांची कागदपत्रे वाचावी लागतील. हे काम पौड येथील तालुक्याच्या दप्तरात बसूनच होऊ शकते आणि परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व मराठी विभागांना ते एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे.