वाचणाऱ्याचे दालन

वॉशिंग्टनमधले ‘न्यूझियम’ ३१ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. ‘न्यूज’ आणि ‘म्युझियम’ हे दोन शब्द एकत्र करून ठेवलेले हे नाव, म्हणजे बातमीचे संग्रहालय. ‘यूएसए टुडे’ या वृत्तपत्राचे संस्थापक अ‍ॅल न्यूहार्थ यांच्या फ्रीडम फोरम संस्थेने ते १९९७ मध्ये नदीपलीकडे व्हर्जिनियात सुरू केले. २००८ मध्ये ते पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच्या काचेच्या भव्य इमारतीत आले. आजूबाजूची स्मिथसोनियनची मोठमोठी संग्रहालये फुकट, आणि इथे माणशी जवळपास २५ डॉलर तिकीट. शेवटी खर्च झेपेना. इमारत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ३७ कोटी २५ लाख डॉलरला घेतली.

मिटलेल्या दारावर आता कशाला लिहायचे, असे कुणी विचारेल. पण दार मिटले तरी त्यामागची कल्पना मिटलेली नाही. ‘नुसते बघू नका, हात लावा, स्वतः करून पाहा’ असे सांगणारी संग्रहालये आता आपल्याकडेही निघत आहेत, आणि मुलांना ती आवडतातही. म्हणून विचारावेसे वाटते, की बातमी ही गोष्ट करून पाहण्याने कळते का?

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते, तेव्हा एक सबंध दिवस तिथे घालवला. जे चांगले होते ते आधी सांगते. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चार मजले उंच संगमरवरात अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती कोरलेली होती. धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा आणि सरकारकडे दाद मागणे, ही पाच स्वातंत्र्ये इंग्रजीतल्या अवघ्या ४५ शब्दांत बसवली आहेत. त्याखाली फुटपाथवर रोज सकाळी निरनिराळ्या राज्यांतल्या वर्तमानपत्रांची पहिली पाने लावायचे. त्याला तिकीट नाही. कामावर जाणारी माणसे थांबून वाचायची. मला आपल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात उभ्याउभ्या पेपर वाचणारी माणसे आठवली. सगळ्या संग्रहालयातला सर्वांत खरा भाग हा फुकटचा होता, असे माझे मत आहे.

आत बर्लिनच्या भिंतीचे आठ तुकडे होते आणि शेजारी पहाऱ्याचा मनोराही. भिंतीची पश्चिमेकडची बाजू रंगीबेरंगी चित्रांनी, घोषणांनी भरलेली. पूर्वेकडची बाजू कोरी, कारण तिकडे भिंतीजवळ जाणाऱ्याला गोळी घालत. भिंत एकच, पण ज्याने एकच बाजू पाहिली त्याला काय कळणार? अनेकांताचा धडा लहानपणापासून हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतून ऐकलेला, तो इथे सिमेंटमध्ये उभा होता.

दुसरी लक्षात राहिलेली वस्तू म्हणजे एक मोडकीतोडकी मोटार. डॉन बोल्स नावाच्या बातमीदाराची. १९७६ मध्ये फिनिक्स शहरात कुणीतरी माहिती देतो म्हणाले म्हणून ते भेटायला गेले. भेटायला कुणी आलेच नाही. गाडीखाली बॉम्ब मात्र लावलेला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या दालनात छायाचित्रकार बिल बिगार्ट यांचे कॅमेरे होते. दुसरा मनोरा कोसळला तेव्हा ते त्याच्या जवळ फोटो काढत होते. पलीकडे काम करताना जीव गमावलेल्या दोन हजारांहून अधिक पत्रकारांची नावे काचेवर. बेंगळुरूच्या गौरी लंकेश यांचेही नाव त्यांत घातलेले. तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

आणि मग वर तो ‘करून पाहा’चा मजला! इथे मात्र जत्रा. हातात माइक, मागे पाहिजे ते दृश्य, समोर सरकणारी अक्षरे. वाचली की झालात तुम्ही टीव्हीचे बातमीदार! माझ्या नातीनेही रांग लावली, झोकात बातमी वाचली. मुलगी खूश, आम्ही खूश. पण तिने काय केले? दुसऱ्याने लिहिलेले, स्वतः न तपासलेले, ठसक्यात वाचून दाखवले. बोल्स ज्यासाठी गाडीत बसून निघाले ते हे नव्हे. दार ठोठावणे, ताटकळणे, कागद चाळणे, एकाने सांगितलेले दुसऱ्याला विचारून पाहणे, आणि खात्री झाली नाही तर हातातली बातमी बाजूला ठेवणे, हे खरे काम. ते दोन मिनिटांत करून पाहता येत नाही, आणि त्याचा फोटोही निघत नाही. बातमी छापावी की नाही, हा नीतीचा प्रश्न होता, पण तोही टेबलावर गुण मिळवायच्या खेळात बसवलेला. एका मजल्यावर मरणाची शांतता आणि दुसऱ्यावर मौज. दोन्हींना जोडणारा जिना काही मला सापडला नाही.

खेळाचा हा हात दुकानापर्यंतही पोचला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे ‘तुम्ही अगदी खोट्या बातम्या आहात’ अशा अर्थाचे टी-शर्ट विकायला ठेवले होते. पत्रकारांनी आवाज उठवल्यावर माफी मागून ते काढले. पत्रकारांच्या स्मारकाखालीच त्यांची टर उडवणारा सदरा! (स्वच्छतागृहाच्या फरशांवर वर्तमानपत्रांचे फसलेले मथळे छापले होते. ती थट्टा मात्र मला आवडली. ती स्वतःवरची होती.)

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. एवढ्या मजल्यांत वाचणाऱ्यासाठी एकही दालन नव्हते. जो येईल त्याच्या हाती माइक. मैत्रिणींनो, माइक तर आता आपल्या प्रत्येकीच्या पर्समध्येच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे ती. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेला एक तरुण इंजिनिअर अशाच अफवेने गेला. दगड उचलणारे थोडे होते. ‘काळजी घ्या हं’ म्हणून पुढे पाठवणारे कितीतरी. त्यांत आयाही असणार, मुलांच्या काळजीनेच पाठवणाऱ्या.

आपल्याकडे पाच समितींत भाषासमिती सांगितली आहे. हिताचे बोलावे, मोजके बोलावे, ज्याची शंका नाही तेच बोलावे. ती मुनींसाठी खरी, पण घरात बसून शंभर जणींशी एका बोटाने बोलणाऱ्या आपल्याला तिची गरज कमी नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आपण खाली बघून चालतो. शब्दाखाली कोण येते, ते कोण बघणार? जुन्या वर्तमानपत्रांत ‘असे समजते’ म्हणून लिहीत. आपण त्याला हसायचो. पण त्या दोन शब्दांत ‘स्यात्’ची नम्रता होती: मला कळले ते इतके, याहून वेगळेही असू शकेल. आणि अनेकांत म्हणजे सगळ्यांचेच खरे, असेही नव्हे. कोणाचे किती आणि कोणत्या बाजूने खरे, हे बघायचे कष्ट म्हणजे अनेकांत.

तर वाचणाऱ्याचे दालन कुणी काढलेच, तर त्यात फार यंत्रे नकोत. एकच बातमी घ्यावी आणि तिचे पंधरा दिवसांचे पेपर ओळीने लावावेत. पहिल्या दिवशीचा मोठा मथळा, तिसऱ्या दिवशीचा इन्कार, आणि शेवटी आतल्या पानावर बारीक अक्षरांत आलेला खुलासा. खाली एवढेच विचारावे: हे कुणी सांगितले? त्याला कसे कळले? कुणाला विचारायचे राहिले? पेपर उतरत्या मेजांवर ठेवावेत, उभे राहून वाचता येतील असे, आणि तिकीट ठेवू नये.