पाण्याला पत्ता असतो

आजचा विषय आहे कंपन्यांची आश्वासनं. अमुक सालापर्यंत कार्बन इतका कमी करू, पाण्याचा वापर तितका घटवू, अशी वचनं हल्ली जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात असतात. गुळगुळीत कागद, हिरवं मुखपृष्ठ, ओंजळीत रोप धरलेलं लहान मूल. हा आता एक लेखनप्रकारच झाला आहे. लेखनप्रकार म्हटला की त्याची समीक्षा आली. ती आम्ही आज बाळापुरात करतो आहोत, आणि त्यासाठी याहून चांगली जागा सापडणं कठीण आहे.

कारण सांगतो. बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. किल्ल्यावर उभं राहिलं की दोन्ही पात्रं दिसतात. मन पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. याच तालुक्यात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, महानिर्मितीचं. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण ५०० मेगावॅट. आणि याच तालुक्यातली कितीतरी गावं खारपाणपट्ट्यात मोडतात. तिथे जमिनीखालचं पाणी पिण्याच्याही कामाचं नाही आणि ओलिताच्याही. विहिरीचं पाणी वावरात सोडलं तर काळी जमीनच बिघडते. कोळसा, नदी आणि खारं पाणी, तिन्ही एका तालुक्यात. कंपन्यांच्या अहवालातलं वाक्य खरं की खोटं हे पाहायला आणखी काय पाहिजे?

पहिला मुद्दा कार्बन आणि पाणी यांतल्या फरकाचा. पारसच्या चिमणीतून निघालेला एक टन कार्बन डायऑक्साइड आणि जर्मनीतल्या एखाद्या चिमणीतून निघालेला एक टन, वातावरणाच्या लेखी दोन्ही सारखेच. तो वायू जगभर मिसळतो. त्यामुळे इथे सोडलेला कार्बन दुसरीकडे कमी केला, तर तो खरंच कमी झाला का यावर भांडता येईल, पण तत्त्वतः वजाबाकी करता येते. 'नेट झीरो' हा शब्द याच वजाबाकीवर उभा आहे. भारतानेही २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० चं वचन दिलं, ते याच अर्थाने.

पाण्याचं तसं नाही. पाण्याला पत्ता असतो आणि तारीखही असते. ऑगस्टमध्ये मन नदीला पूर आलेला असताना वाचवलेला लिटर आणि मे महिन्यात पात्र कोरडं पडल्यावर उपसलेला लिटर यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. कोकणात अडवलेलं पाणी बाळापूरच्या नळाला येत नाही. तरीही कंपन्यांनी कार्बनची शब्दावली उचलून जशीच्या तशी पाण्याला लावली. 'वॉटर न्यूट्रल', 'वॉटर पॉझिटिव्ह', 'नेट झीरो वॉटर'. आमची मुख्य तक्रार इथेच आहे. यात लबाडी असेल किंवा नसेल, पण हिशेबाची पद्धतच चुकीच्या वहीतून घेतली आहे.

गंमत म्हणजे मूळ संकल्पना इतकी भोंगळ नव्हती. आर्यन हूक्स्ट्रा या डच अभ्यासकाने २००२ मध्ये 'वॉटर फूटप्रिंट' मांडला. पुढे त्यात पाण्याचे तीन रंग आले. निळं म्हणजे नदी-विहिरीतून उपसलेलं, हिरवं म्हणजे पावसाचं, जमिनीत मुरून पिकाने वापरलेलं, आणि करडं म्हणजे प्रदूषण सौम्य करायला लागणारं. पाणी कुठलं आणि केव्हाचं, हे प्रश्न त्या मांडणीतच होते. कंपन्यांच्या अहवालात शिरताना ते गळाले आणि एकच मोठा आकडा उरला.

उदाहरण घ्या. कोका-कोलाने २००७ साली जाहीर केलं की आपल्या पेयांत आणि उत्पादनात जेवढं पाणी जातं तेवढं निसर्गाला आणि लोकांना परत करू. मुदत २०२० ची होती, आणि २०१५ मध्येच उद्दिष्ट गाठल्याचं कंपनीने सांगितलं. ऐकायला छान वाटतं. पण बाटलीत पाण्याखेरीज साखर असते, आणि साखरेसाठी पिकं लागतात. उसाला किती पाणी लागतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायची गरज नाही. त्या हिशेबात हे शेतातलं पाणी धरलेलंच नव्हतं. जो खर्च सगळ्यांत मोठा, तोच वहीबाहेर.

परत करण्याचा प्रकारही बघा. बहुतेक अहवालांत बंधारे, शेततळी, पाणलोटाची कामं यांची 'साठवण क्षमता' मोजतात आणि तिलाच परत केलेलं पाणी म्हणतात. भांडं विकत आणलं म्हणजे ते भरलं असं होत नाही. शिवाय आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा घराघरात पोचलेली आहे. त्यातलं 'अडवा' खारपाणपट्ट्यात चालतं, पण 'जिरवा' जपूनच घ्यावं लागतं. खाली खारं पाणी असेल तर जिरलेलं गोडं पाणी गोडंच राहील याची खात्री काय? म्हणून इथे शेततळ्याला जास्त महत्त्व. मुंबईत बसून अहवाल लिहिणाऱ्याच्या तक्त्यात हा फरक येत नाही. त्याच्या लेखी लिटर म्हणजे लिटर.

आता दुसरा मुद्दा, दराचा. कंपन्या 'घट' म्हणतात तेव्हा ती बहुतेक वेळा एकूण वापरातली घट नसते, दर नगामागची असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. आपल्या भाषेत, विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. ५०० मेगावॅटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट होतात, आणि या मर्यादेने पाणी ४ कोटी २० लाख लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा माणशी ५५ लिटरचा निकष लावला तर हे साडेसात लाख माणसांचं पाणी झालं. ही कमाल मर्यादा आहे, रोजचा वापर नव्हे, हे लक्षात ठेवा.

आता एक कल्पित हिशेब करू. समजा असंच एखादं केंद्र ६० टक्के क्षमतेने चालतंय आणि युनिटमागे साडेतीन लिटर वापरतंय. रोजचं पाणी झालं २ कोटी ५२ लाख लिटर. त्यांनी सुधारणा केली, वापर दहा टक्के घटवला, ३.१५ लिटरवर आणला. शाबास. पण विजेची मागणी वाढली आणि केंद्र ८० टक्के क्षमतेने चालू लागलं. रोजचं पाणी झालं ३ कोटी २ लाख लिटर. अहवालात छापून येईल, 'जलवापरात दहा टक्के घट'. नदीतून मात्र रोज ५० लाख लिटर जास्त गेले. दोन्ही विधानं खरी आहेत. प्रश्न इतकाच की मुखपृष्ठावर कोणतं येतं.

सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केला. हे पाऊल आम्ही मोलाचं मानतो. किती पाणी घेतलं, नदीतून की जमिनीतून, हे त्यात सांगावं लागतं. पण त्यातच उलाढालीच्या एका रुपयामागे किती पाणी लागलं असाही एक दर आहे. मालाची किंमत वाढवली, उलाढाल फुगली, की एक तांब्याही न वाचवता हा दर खाली येतो. आणि पाणीटंचाईच्या भागातून किती पाणी उचललं हा जो बाळापूरच्या कामाचा रकाना, तो ऐच्छिक भागात टाकलेला आहे. द्यायचा तर द्या. महानिर्मितीसारखी सरकारी कंपनी तर शेअर बाजारात सूचीबद्धच नाही, म्हणजे ही सक्ती तिला लागूच होत नाही. मन नदीच्या काठावरच्या माणसाने कोणता अहवाल उघडायचा?

तिसरी अडचण अशी की या दोन पाऊलखुणा कधी कधी एकमेकींवर पाय देतात. औष्णिक केंद्र पाण्याऐवजी हवेने थंड करायचं ठरवलं तर पाणी वाचतं, पण कार्यक्षमता घटते आणि त्याच युनिटला कोळसा जास्त जळतो. उलट चिमणीतला कार्बन पकडायची यंत्रणा बसवली तर पाणी जास्त लागतं. अहवालात कार्बनचं पान वेगळं आणि पाण्याचं वेगळं असल्याने ही ओढाताण वाचकाला दिसतच नाही. दोन्ही एकदम कमी करायचं तर सूर्य आणि वारा यांच्याकडे जावं लागतं. सौर पॅनेल धुवायला पाणी लागतं, पण कोळशाच्या केंद्राच्या तुलनेत ते फारच थोडं.

आता शेवटचा आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, आरक्षणाचा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगावपेठला १,३५० मेगावॅटचं खासगी औष्णिक केंद्र उभं राहिलं. त्यासाठी अप्पर वर्धा धरणातलं वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी राखून ठेवलं गेलं. सिंचनाचं पाणी उद्योगाला का, म्हणून शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेलं. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती त्याच्या मागे. २०११ मध्ये सरकारने तो क्रम बदलून शेतीला पुढे आणलं, पण तोवर बरीच वाटणी होऊन गेली होती.

याचा आजच्या विषयाशी संबंध काय? समजा एखाद्या कंपनीने पाण्याचा वापर खरोखर कमी केला. लबाडी नाही, दराची जादू नाही, एकूण वापरच घटवला. मग वाचलेलं पाणी कुठे गेलं? धरणात ते कंपनीच्या नावावर राखलेलंच आहे. ते कालव्यात येत नाही, पऱ्हाटीला मिळत नाही. उद्या कंपनीने दुसरा संच टाकला की तेच कामाला येईल. म्हणजे फूटप्रिंट लहान झाला आणि हक्क तेवढाच राहिला. बचतीचा इतका मोठा आकडा छापणारे अहवाल आरक्षण सोडल्याचं कधी लिहितात का, हे तुम्ही जरूर तपासून बघा.

मग चांगलं उदाहरण कुठलंच नाही का? आहे की. नागपूर शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं. धरणाचं तेवढं ताजं पाणी वाचतं. तेही त्याच खोऱ्यात आणि त्याच महिन्यात. या बचतीला पत्ता आहे. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असं पाणी वापरावं असं म्हटलं आहे. अकोला शहर पारसपासून पन्नास किलोमीटरच्या आतच आहे.

म्हणून मंडळी, यापुढे असा अहवाल हातात आला की जागतिक आकडे, झाडं आणि मुलांचे फोटो बाजूला ठेवा आणि साधे प्रश्न विचारा. नदी कोणती? महिना कोणता? एकूण लिटर किती? वाचलेलं पाणी कोणाच्या नावावर झालं? ग्रामसभेत विचारा, जनसुनावणीत विचारा, माहिती अधिकारात विचारा. सरकारी कंपनीला तर जरूर विचारा, कारण तिचे मालक आपणच आहोत. ज्या वचनात या चारांची उत्तरं नाहीत, त्याला आम्ही जाहिरात म्हणू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.