कर्करोगावरील मराठी लेखन आणि एक सदोष उपमा

कर्करोगाविषयी मराठीत हल्ली पुष्कळ लिहिले जाते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात अशा लेखांचे काही अंक नुकतेच चाळले, तेव्हा एक गोष्ट खटकली. बहुतेक लेखक या रोगास शत्रू मानतात. तो बाहेरून घुसतो, वेढा घालतो. रोगी झुंजतो आणि जिंकतो अथवा हरतो. या वीररसाचा हेतू वाचकास धीर देण्याचा असेल. परंतु जी उपमेयाशी जुळत नाही ती उपमा कितीही आवेशपूर्ण असली तरी सदोषच म्हटली पाहिजे.

1991 साली ब्रसेल्स येथे थिएरी बून व त्यांचे सहकारी यांनी त्वचेच्या एका कर्करोगात ‘मेज’ नावाचे जनुक शोधून काढले. रोगप्रतिकारक पेशी ज्या खुणेवरून, म्हणजे प्रतिजनावरून, ती गाठ ओळखीत होत्या, ती खूण या जनुकाची होती. निरोगी शरीरात हे जनुक जागे आढळते ते प्रामुख्याने वृषणात, घडत असलेल्या शुक्रजंतूंच्या पेशींत. पुढे अशी जनुके अनेक सापडली. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीमध्ये अनिल सुरी यांनी अभ्यासिलेले ‘स्पॅग-9’ हेही याच जातीचे. म्हणजे ही खूण परकी नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पोथीत ते पान असतेच. डीएनएवरील मिथिलच्या ठिपक्यांनी ते जणू चिकटविलेले असते. शुक्रजंतू घडताना ते उघडते, गाठीत ते अवेळी उघडते. वृषणातील त्या पेशी आपल्या खुणा प्रतिकारक पेशींपुढे मांडीतच नाहीत, म्हणून तेथे त्यांस कोणी हटकत नाही. गाठीत मात्र त्या उघड्या पडतात, आणि उपचाराची आशा नेमकी येथेच आहे. ‘मेज-ए4’ ओळखणाऱ्या, प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या पेशींच्या उपचारास सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मिळ कर्करोगासाठी अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता मिळाली.

प्रतिकारक पेशींस सैनिक म्हणावयास आमची हरकत नाही. पण 2013 साली प्रसिद्ध झालेली हकीकत विसरता येत नाही. ‘मेज-ए3’वर सोडलेल्या अशाच पेशींनी हृदयातील टायटिन या प्रथिनास तीच खूण समजून दोन रोग्यांचा प्राण घेतला. गाठीची खूण आणि निरोगी हृदयाची खूण इतक्या सारख्या असतील, तर ‘शत्रू ओळखा व मारा’ हे वाक्य किती पोकळ ठरते!

दुसरा दोष संकोचाचा. ‘वृषण’ हा शब्द टाळून लेखक ‘काही विशिष्ट अवयव’ असे लिहितात, आणि सारा मुद्दाच नाहीसा होतो. डोंबिवलीच्या एका संस्थेने माझ्या व्याख्यानाच्या पत्रिकेतून हा शब्द गाळला होता. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, असले शब्द उघड छापले आणि त्यापायी कोर्टात दंडही सोसला. त्यांच्या भाषेत आम्ही अद्याप सोवळेच!

हा वाद केवळ अलंकारशास्त्राचा असता तर लेखणी उचलली नसती. कल्याणास माझ्या मामेबहिणीचे यजमान या रोगाने आजारी होते. तिने त्यांचे ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेविला होता. रोग बाहेरून येतो असे तिने वाचले होते, आणि जे येते ते पसरतेही, अशी तिची समजूत. चिकटलेल्या पानाची गोष्ट मी तिला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने ते ताट इतर ताटांत नेऊन ठेविले.