७६ टक्के कशाचे? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

व्हीगन आहाराच्या बाजूने लिहिलेलं काहीही उघडा, एक आकडा हमखास भेटतो. सगळ्या जगाने मांस, दूध, अंडी सोडली तर अन्नासाठी लागणारी ७६ टक्के जमीन मोकळी होईल. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर तो होता. बैठकीत एका सरांनी त्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "७६ टक्के कशाचे?" मी म्हणाले, "जमिनीचे." "कोणत्या जमिनीचे?" तिथे माझी गाडी अडली. कारण सरळ होतं: पेपर मी वाचलाच नव्हता. वाचली होती त्यावरची बातमी, आणि संदर्भ मात्र पेपरचा दिला होता.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे तुमच्या हातूनही होणार आहे. म्हणून आज तो पेपर नीट उघडून बघू. आधीच सांगते, मी स्वतः तीन वर्षांपूर्वी दूध सोडलंय. म्हणजे हा पेपर 'माझ्या बाजूचा' आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे बारकाईने बघायला मी इतका उशीर केला.

पेपर जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेसेक यांचा, 'सायन्स'मध्ये जून २०१८ ला आलेला. त्यांनी नवीन मोजमाप केलं नाही, आधी झालेल्या अभ्यासांची मोट बांधली. १,५३० अभ्यास गोळा केले, त्यातून निकषांत बसणारे ५७० ठेवले. त्यात ११९ देशांतली सुमारे ३८,७०० शेतं आणि ४० उत्पादनं येतात. पद्धत लाइफ सायकल असेसमेंटची, म्हणजे खत-बियाण्यापासून दुकानाच्या फळीपर्यंत एखाद्या पदार्थाने किती जमीन, पाणी, उत्सर्जन खाल्लं याचा हिशेब. वेगवेगळ्या अभ्यासांची वेगवेगळी मापं एका मापात आणणं हे प्रचंड कष्टाचं काम आहे. पुढे मी जे काही म्हणणार आहे ते या कामाबद्दलचा आदर ठेवूनच. (२०१९ मध्ये या पेपरचं शुद्धिपत्रही निघालं. कुठलाही पेपर वापरण्याआधी त्याचं शुद्धिपत्र आहे का ते बघायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या.)

आता ७६. पेपरच्या हिशेबात प्राणिज पदार्थ पूर्ण वगळलेल्या आहारामुळे अन्नाखालची जमीन ३.१ अब्ज हेक्टरने घटते, म्हणजे ७६ टक्के. पण त्याच वाक्यात पुढे आणखी एक आकडा आहे, जो मी कुठल्याही पोस्टरवर पाहिलेला नाही: यात पिकाखालच्या जमिनीतली घट १९ टक्के. म्हणजे मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा मोठा भाग नांगराखालचा नाहीच, तो चराऊ आहे. सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच छापलेलं होतं.

"मग काय झालं? चराऊ तर चराऊ, जमीन ती जमीनच." असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. पण हिशेब चौरस मीटरमध्ये आहे आणि चौरस मीटरला रंग नसतो. उसाखालचा बागायती चौरस मीटर आणि सोलापूरकडच्या माळरानावरचा चौरस मीटर तिथे एकसारखे. उसाच्या जागी तुम्ही तूर लावू शकता. माळावर ती येईलच असं नाही, आणि तिथे धनगराच्या मेंढ्या कित्येक पिढ्या चरत आल्यात. पेपर पुढे म्हणतो की मोकळ्या जमिनीवर नैसर्गिक वनस्पती परत आली तर ती हवेतला कार्बनही शोषेल. जिथे जंगल तोडून कुरण केलं तिथे हे चपखल लागू पडतं. पण आपलं माळरान म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातल्या झाडाझुडपांच्या उल्लेखांवरून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ, काटेरी भूमी शेकडो वर्षांपासून अशीच आहे. माळढोक आणि लांडगा तिथलेच. तिथे 'नैसर्गिक वनस्पती परत आली' याचा अर्थ काय? गवत तर आहेच.

याने पेपर खोटा ठरत नाही. जगाच्या सरासरीचा प्रश्न विचारला, जगाच्या सरासरीचं उत्तर मिळालं. चूक माझी होती. मी ते उत्तर मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांच्या प्रश्नाला डकवलं होतं.

दुधाचं बघू, कारण आपल्याकडे व्हीगन होण्यातली खरी अडचण मांस नाही, चहा आहे. 'गाईचं दूध लिटरला ३.२ किलो कार्बन डायऑक्साइड, सोया १, तांदूळ १.२' असा तक्ता तुम्ही पाहिला असेल. पहिली गोष्ट, पेपरच्या यादीत वनस्पतिज दुधांपैकी फक्त सोया आहे. तांदूळ, ओट, बदाम हे आकडे त्याच माहितीवरून नंतर काढलेले आहेत. दुसरी, आणि ही महत्त्वाची: तुलना लिटरमागे आहे. गाईच्या लिटरभर दुधात साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं, तांदळाच्या दुधात जेमतेम दोन-चार. आता हाच हिशेब १०० ग्रॅम प्रथिनांमागे मांडा. गाय ९.७ वर येते आणि तांदूळ, तीन ग्रॅम धरले तरी, ४० वर जाऊन बसतो! सोया मात्र तीनच्या आसपास, म्हणजे तो दोन्ही मापांत जिंकतो. याला फंक्शनल युनिट म्हणतात, अमुक पदार्थ कशासाठी, त्या 'कशासाठी'चं माप. पण थांबा, चहात आपण दूध प्रथिनांसाठी घालतो का? रंगासाठी आणि चवीसाठी घालतो. तिथे लिटरमागची तुलनाच जास्त बरोबर. वाढत्या वयाच्या मुलाला रात्री पेलाभर द्यायचं असेल तर नाही. एकाच दुधाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी.

आणखी एक गाठ आहे जी मला सोडवता सोडवता नाकी नऊ आले. ज्वारीचं कणीस माणसाने खाल्लं, कडबा म्हशीने. मग त्या शेताची जमीन कुणाच्या खात्यावर? एलसीएमधली एक रुळलेली पद्धत म्हणजे किमतीच्या प्रमाणात वाटणी. आता दुष्काळी वर्ष धरा. कडब्याचा भाव कडाडला. शेत तेच, म्हैस तीच, वैरणही तेवढीच, पण वाटणीत कडब्याचा हिस्सा वाढला म्हणून कागदावर म्हशीने जास्त जमीन खाल्ली. गोठ्यातल्या कुणालाही हे सांगून बघा, हसतील. पण वजनाप्रमाणे वाटलं तरी दुसरं काहीतरी विचित्र निघतंच. पेपर वाचताना पुरवणी उघडून वाटणी कशी केली ते आधी बघा.

म्हैस म्हटल्यावर आठवलं, ४० उत्पादनांच्या यादीत ती वेगळी नाहीच. 'दूध' एवढंच आहे, आणि भारतातलं निम्म्याच्या आसपास दूध म्हशीचं. मासे आहेत, पण मत्स्यशेतीतले. मालवणच्या समुद्रातून आलेला बांगडा या हिशेबात बसत नाही. आणि 'व्हीगन लेदर'च्या जाहिरातीखाली कुणी हा पेपर चिकटवला असेल तर सोडून द्या, बुटांच्या कातड्याची तुलना त्यात नाही. तसंही त्या नावाखाली बऱ्याचदा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लॅस्टिकच विकलं जातं.

पेपरचा मुख्य मुद्दा तर वेगळाच आहे. शीर्षकात ग्राहकांच्या आधी उत्पादक येतात. लेखकांना सगळ्यात जास्त दाखवायचंय ते एकाच पदार्थाच्या दोन उत्पादकांतलं अंतर. गोमांसासाठीच्या कळपांत नव्वदाव्या शतमकावरचं उत्सर्जन हे दुभत्या कळपातून येणाऱ्या गोमांसाच्या दहाव्या शतमकाच्या १२ पट आहे, जमीन तर ५० पट. हे सांगणारे लोक पुढचं गाळतात आणि व्हीगन लोक हे गाळून पुढचंच सांगतात. पुढचं असं: सगळ्यात कमी भाराचे प्राणिज पदार्थसुद्धा सहसा त्यांच्या वनस्पतिज पर्यायांपेक्षा जास्तच भार टाकतात. दोन्ही वाक्यं एकाच पेपरातली आहेत. एक उचलून दुसरं ठेवायचं असेल तर ते का, हे तुम्हाला लिहावं लागेल.

आता जे मला सगळ्यात जड गेलं ते. समजा कुणी हा पेपर वाचून गोमांस सोडलं आणि कोंबडी खायला लागला. १०० ग्रॅम प्रथिनांमागे तो ५० किलोवरून ५.७ वर आला, पर्यावरणाच्या हिशेबात शाबासकी. पण तेवढ्याच मांसासाठी एका जनावराच्या जागी शेकडो कोंबड्या, त्याही बहुतेक पिंजऱ्यात किंवा शेडमध्ये कोंबलेल्या. टॉम रेगन यांच्या १९८३ च्या पुस्तकातली हक्कांची भूमिका घेतली, तर हे पाऊल सरळ उलट्या दिशेने आहे. पीटर सिंगर यांच्या १९७५ च्या मांडणीत मोजायचं असतं ते दुःख, तिथेही ते बहुधा वाईटच. (सिंगर यांना 'प्राणिहक्कांचे तत्त्वज्ञ' लिहू नका, ते उपयुक्ततावादी आहेत, त्यांची इमारत हक्कांवर उभी नाही. व्हायव्हाला यावर हमखास अडवतात.) पूअर-नेमेसेक यांच्या तक्त्यांत जनावराला काय वाटतं यासाठी रकानाच नाही, आणि नसावाच. तो त्यांचा प्रश्न नव्हता.

माझा होता. मी दूध सोडलं ते गोठ्यात आईपासून तोडून वेगळं बांधलेलं पारडू पाहून. जमिनीचा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. पण समितीसमोर पारडाबद्दल बोलायची लाज वाटली. आकडा 'शास्त्रीय' दिसेल म्हणून ७६ पुढे केला. पेन्सिल टेकवली गेली ती बरोबर जागी.

सिनॉप्सिसच्या नव्या मसुद्यात पहिल्या पानावर १९ आणि ७६ दोन्ही आहेत, चराऊ जमिनीचा वेगळा परिच्छेद आहे, आणि नीतिशास्त्राचं प्रकरण तिसऱ्यावरून पहिल्यावर आलंय. पुढची बैठक महिन्याभराने आहे. कडब्याची वाटणी मी अजून ठरवलेली नाही. तुमच्यापैकी कुणी चाऱ्यावर किंवा पशुपालनावर काम करत असेल तर तुम्ही ती कशी करता ते मला जरूर कळवा.